वैयक्तिक निवेदन (विद्यापीठ प्रवेश)

वैयक्तिक निवेदन म्हणजे विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला, ठरावीक मर्यादेतील मजकूर होय. निवडलेला विषय आपल्याला का शिकायचा आहे आणि त्यासाठी आपली तयारी कितपत झाली आहे, हे अर्जदार त्यात सांगतो. इंग्रजीत हा मजकूर 'पर्सनल स्टेटमेंट' या नावाने ओळखला जातो. युनायटेड किंग्डममधील पदवीपूर्व प्रवेशप्रक्रियेत तो अर्जाचा अनिवार्य भाग आहे. अमेरिकेत त्याच्याशी नाते सांगणारा, परंतु हेतूने बराच वेगळा असा प्रवेश-निबंध लिहावा लागतो. पदव्युत्तर प्रवेशासाठी मागितले जाणारे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', म्हणजेच भारतीय विद्यार्थ्यांच्या बोलण्यातील 'एसओपी', हाही याच कुळातील प्रकार आहे.

हा लेख मुख्यतः ब्रिटनमधील निवेदनाविषयी आहे. तेथे निवेदनाची कमाल लांबी ४,००० अक्षरचिन्हे इतकी आहे. अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांबरोबरच दोन शब्दांमधील मोकळी जागाही या मोजणीत धरली जाते. साधारण इंग्रजी लेखनात ही मर्यादा साडेपाचशे ते साडेसहाशे शब्दांत संपते. अर्जदाराची शाळेतील सारी वर्षे, वाचन, छंद आणि भविष्याचा विचार एवढ्या जागेत मावत नाही. त्यामुळे काय लिहावे यापेक्षा काय वगळावे हाच निवेदनलेखनातील खरा प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी सामाईक अर्जाची व्यवस्था १९६१ मध्ये स्थापन झालेल्या यूसीसीए या संस्थेने सुरू केली. तोपर्यंत विद्यार्थी प्रत्येक विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करीत. एकच विद्यार्थी अनेक ठिकाणी निवडला गेल्यामुळे नेमक्या किती जागा भरल्या, हे विद्यापीठांना शेवटपर्यंत कळत नसे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही संस्था आणि पॉलिटेक्निकांची प्रवेशसंस्था पीसीएएस यांचे विलीनीकरण होऊन यूकॅस ही संस्था अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे आहे.

अर्ज कागदावर भरला जात असे, त्या काळी निवेदनासाठी छापील अर्जात एक चौकट राखून ठेवलेली असे. ऑनलाइन अर्ज आल्यावर चौकटीची जागा दोन मर्यादांनी घेतली: ४,००० अक्षरचिन्हे किंवा ४७ ओळी, यांपैकी जी आधी संपेल ती. परिच्छेदांमध्ये मोकळी ओळ सोडली तर तीही ४७ मध्ये मोजली जाई. त्यामुळे अक्षरे शिल्लक असूनही ओळी संपल्या, असा अनुभव अनेक अर्जदारांना येत असे.

निवेदन एकच असते आणि ते सर्व निवडींसाठी पाठवले जाते, हे या पद्धतीचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. अर्जदाराला एका वेळी जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम निवडता येतात. वैद्यक, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक या शाखांत ही संख्या चारपर्यंत मर्यादित आहे. पाचवी निवड दुसऱ्या एखाद्या विषयाची करता येते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत एकाच वर्षी पदवीपूर्व अर्ज करता येत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. पाचही ठिकाणी तोच मजकूर वाचला जात असल्याने त्यात एखाद्या विद्यापीठाचे नाव घेऊन स्तुती केली, तर उरलेल्या चार ठिकाणी ती अर्जदाराच्या विरोधात जाते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी अर्जाची अंतिम तारीख १५ ऑक्टोबर असते. इतर बहुसंख्य अभ्यासक्रमांसाठी ती पुढील जानेवारीत येते.

अर्जदाराचे गुण आणि विषय अर्जाच्या वेगळ्या भागांत नोंदवलेले असतात. शिक्षकाचे शिफारसपत्रही स्वतंत्रपणे जोडले जाते. निवेदनात गुणपत्रिका पुन्हा लिहिण्याने केवळ जागा खर्च होते.

तीन प्रश्नांची नवी रचना

अनेक दशके निवेदन हा एकसंध निबंध होता. कशाने सुरुवात करावी, कोणत्या गोष्टीला किती जागा द्यावी, शेवट कसा करावा, हे सर्व अर्जदारावर सोडलेले असे. यूकॅसने २०२३च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या अहवालात, सर्वेक्षणात सहभागी झालेल्या विद्यार्थ्यांपैकी ८३ टक्क्यांना निवेदनलेखन तणावाचे वाटते आणि ७९ टक्क्यांच्या मते मदतीशिवाय ते पूर्ण करणे कठीण आहे, असे नमूद केले होते. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये नव्या रचनेची घोषणा झाली. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांच्या अर्जांपासून ती लागू झाली आहे.

नव्या रचनेत अर्जदाराला तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. हा अभ्यासक्रम किंवा विषय का शिकायचा आहे, हा पहिला प्रश्न. आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी करून दिली, हा दुसरा. शिक्षणाबाहेर आणखी काय केले आणि ते अनुभव उपयोगी का आहेत, हा तिसरा. एकूण मर्यादा पूर्वीप्रमाणेच ४,००० अक्षरचिन्हांची आहे. मात्र प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरचिन्हांचे असावे लागते. तिन्हींची किमान अट पूर्ण केल्यावर २,९५० अक्षरचिन्हे उरतात आणि ती कोणत्या उत्तरासाठी वापरायची, हे अर्जदाराने ठरवायचे असते. भौतिकशास्त्र किंवा इतिहास यांसारख्या विषयासाठी पहिली दोन उत्तरे मोठी होणे स्वाभाविक आहे. परिचर्या, समाजकार्य किंवा अध्यापन यांसारख्या व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमात तिसऱ्या उत्तराला अधिक जागा लागते.

तिन्ही उत्तरे एकत्र वाचली जातात. त्यामुळे तोच अनुभव दोन ठिकाणी सांगण्याची आवश्यकता नसते. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात बसेल की तिसऱ्या, याबद्दल अर्जदार बराच काळ संभ्रमात राहतात. प्रत्यक्षात ती कोणत्या चौकटीत आली यापेक्षा ती पुरेशी स्पष्ट आहे का, याला अधिक महत्त्व असते.

मजकुराचे स्वरूप

निवेदनाचा वाचक बहुधा त्या विषयाचा प्राध्यापक किंवा विद्यापीठाच्या प्रवेश विभागातील कर्मचारी असतो. त्याच्यासमोर एका हंगामात शेकडो अर्ज येतात. हायर एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट या ब्रिटिश संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एका निवेदनाच्या वाचनासाठी सरासरी दोन मिनिटांच्या आसपास वेळ दिला जातो. आठवडेच्या आठवडे खपून लिहिलेल्या मजकुराला मिळणारा हा वेळ पाहता, पहिली दोन-तीन वाक्ये प्रास्ताविकात घालवणे अर्जदाराला परवडत नाही.

प्रास्ताविकातील सर्वांत परिचित वाक्य 'लहानपणापासूनच मला या विषयाची आवड आहे' या धर्तीचे असते. यूकॅसने सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या वाक्यांच्या याद्या वेळोवेळी जाहीर केल्या असून त्यांत या वाक्याची रूपे आढळतात. त्यात असत्य काही नसते, परंतु ते कोणत्याही अर्जदाराला कोणत्याही विषयासाठी लिहिता येते आणि म्हणूनच त्यातून निवडकर्त्याला काहीच कळत नाही. थोरामोठ्यांच्या अवतरणांची स्थितीही अशीच आहे. अवतरण दुसऱ्याचे असते आणि त्याने व्यापलेली जागा मात्र अर्जदाराची असते.

चांगल्या निवेदनाचा गाभा म्हणजे एखादी ठोस गोष्ट आणि तिच्यावरचा अर्जदाराचा विचार. कोणते पुस्तक वाचले एवढे पुरेसे नसते. त्यातील कोणता मुद्दा पटला नाही, किंवा त्यातून पुढे कोणता प्रश्न पडला, हे सांगितले तर वाचनाला पुरावा मिळतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या ठिकाणी मुलाखत होते आणि निवेदनात उल्लेखलेल्या पुस्तकावर किंवा प्रयोगावर तेथे प्रश्न विचारला जाऊ शकतो. न वाचलेल्या ग्रंथाचे नाव घालणे, म्हणूनच, केवळ अप्रामाणिकपणा नव्हे. तो धोकाही आहे.

छंद आणि सहशालेय उपक्रम यांच्या बाबतीत जुन्या मार्गदर्शनात त्यांची यादी देण्यावर भर असे. अलीकडे तो बराच कमी झाला आहे. क्रिकेटच्या संघाचे नेतृत्व केले म्हणून 'संघभावना' आणि 'नेतृत्वगुण' विकसित झाले, हे वाक्य लक्षावधी अर्जांत येते. रसायनशास्त्राच्या अर्जात त्याला फारसे वजन नसते. उलट घरातील आजारी व्यक्तीची शुश्रूषा किंवा शाळा सुटल्यावर दुकानात केलेली नोकरी यांना अर्जदार क्षुल्लक समजून वगळतात. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ही कामे पूर्णपणे ग्राह्य आहेत.

वैद्यकाच्या अर्जात एक विशेष अडचण येते. पाचवी निवड जैववैद्यक विज्ञानासारख्या विषयाची असली तरी निवेदन डॉक्टर होण्याविषयीचेच असते. हे निवडकर्त्यांना ठाऊक असते. दोन्ही विषयांना खूश करू पाहणारा मजकूर सहसा दोहोंकडेही कमकुवत ठरतो.

संक्षेपाची पद्धत

बहुतेकांचा पहिला खर्डा मर्यादेच्या दीडपट किंवा दुप्पट होतो. त्यात अस्वाभाविक काही नाही. कापणीचे काम सुरू करताना शब्द कमी करण्याआधी प्रसंग कमी करणे अधिक फलदायी ठरते. पाच अनुभव प्रत्येकी दोन वाक्यांत सांगण्यापेक्षा दोन अनुभव प्रत्येकी पाच वाक्यांत सांगितले, तर विचाराला जागा मिळते. हे पाऊल सर्वांत जड जाते, कारण वगळलेल्या प्रत्येक अनुभवामागे अर्जदाराचे खरे कष्ट असतात.

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. रायगड जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी स्थापत्य अभियांत्रिकीसाठी अर्ज करते. २ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला होता. त्यावेळी ती प्राथमिक शाळेत होती. तिच्या पहिल्या खर्ड्याचा आशय असा:

'लहानपणापासूनच मला पूल, धरणे आणि उंच इमारती यांचे अतिशय आकर्षण वाटत आले आहे. अभियंते हे राष्ट्राचे शिल्पकार असतात असे मी मानते. माझ्या गावाजवळ घडलेल्या एका अत्यंत दुःखद दुर्घटनेने माझ्या मनावर खोल परिणाम केला आणि समाजासाठी काहीतरी भरीव कार्य करण्याचा मी दृढ निश्चय केला. मी मेहनती, जिज्ञासू आणि चिकाटीची विद्यार्थिनी असून आपल्या नामांकित विद्यापीठात शिकण्याची संधी मिळाल्यास मी त्याचे सोने करीन.'

या मजकुरात पूल आहे, दुर्घटना आहे आणि निश्चयही आहे. मात्र विद्यार्थिनीने काय केले, हे कोठेच नाही. फेरलेखनानंतर तोच भाग असा होतो:

'मी सात वर्षांची असताना आमच्या जवळचा सावित्री नदीवरील पूल पुरात कोसळला. पुराचे पाणी खांबांना ढकलते आणि त्यांच्या पायाभोवतीची वाळूही खरवडून नेते, हे मी अकरावीत वाचले. घरी पत्र्याच्या पन्हळीत वाळू पसरून, नळाच्या धारेत चौकोनी आणि गोल असे दोन लाकडी खांब ठेवून मी खड्ड्यांची खोली मोजली. चौकोनी खांबापुढचा खड्डा अधिक खोल होता. परंतु धार वाढवल्यावर माझी मापे एकमेकांशी जुळेनाशी झाली. ती का जुळली नाहीत, हे समजण्यापुरते द्रवगतिशास्त्र मला अजून येत नाही.'

दुसऱ्या मजकुरात 'जिज्ञासू' आणि 'चिकाटीची' हे शब्द नाहीत. वाचक ते गुण स्वतःच ताडतो. दुर्घटना एकाच वाक्यात आटोपली आहे. जे जमले नाही त्याची कबुली शेवटच्या वाक्यात आहे आणि अभ्यासक्रम का हवा, या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळते. विद्यापीठाची स्तुती गेल्यामुळे मजकूर पाचही ठिकाणी चालतो.

प्रसंगांची निवड झाल्यावर वाक्यांची छाटणी करता येते. 'मला असे वाटते की', 'यातून मला हे शिकायला मिळाले की', 'या अनुभवामुळे माझ्यात अशी जाणीव निर्माण झाली की' यांसारखी आरंभिक जोडवाक्ये बहुधा पूर्णपणे काढता येतात. दोन समानार्थी विशेषणांपैकी एक पुरेसे असते. संस्थांची लांबलचक अधिकृत नावे, प्रमाणपत्रांचे क्रमांक आणि कार्यक्रमांच्या तारखा यांची गरज नसते. संक्षेपासाठी अनोळखी आद्याक्षरे वापरणे मात्र टाळावे लागते. वाचक अडखळला तर वाचवलेली जागा वाया जाते. जाड किंवा तिरपी अक्षरे यूकॅसच्या अर्जात टिकत नाहीत, त्यामुळे त्यांवर विसंबून केलेली मांडणी निरुपयोगी ठरते. मजकूर वेगळ्या ठिकाणी तयार करून अर्जात उतरवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे.

मोठ्याने वाचणे ही जुनी आणि अजूनही उपयोगी चाचणी आहे. ज्या वाक्यात स्वतःलाच संकोच वाटतो, ते बहुधा उसने किंवा फुगवलेले असते. शेवटच्या वाक्यात आधीच्या मजकुराचा सारांश देण्याची शालेय सवय निवेदनात टाळली जाते, कारण एका पानाच्या मजकुराचा सारांश वाचकाला लागत नाही.

साम्यशोध आणि यंत्रलिखित मजकूर

इंटरनेटवर नमुना-निवेदने सहज मिळू लागल्यावर नकलेचा प्रश्न गंभीर झाला. यूकॅसने सुमारे ५०,००० निवेदने तपासली असता त्यांपैकी २३४ जणांनी एकच आठवण सांगितल्याचे २००७ मध्ये उघड झाले: आठव्या वर्षी मिळालेल्या रसायनशास्त्राच्या खेळण्यातील संचाने प्रयोग करताना आपल्या पायजम्याला भोक पडले, अशी ती आठवण होती. मूळ मजकूर एका नमुना-संकेतस्थळावरचा होता. ज्याच्या पायजम्याला खरोखरच भोक पडले असेल, त्या एका अर्जदाराची यात विनाकारण पंचाईत झाली असणार.

त्यानंतर प्रत्येक निवेदन संगणकीय साम्यशोधातून जाऊ लागले. नवा मजकूर पूर्वी आलेल्या निवेदनांशी आणि इतर स्रोतांशी ताडून पाहिला जातो. साम्य ठरावीक प्रमाणाहून अधिक आढळल्यास संबंधित विद्यापीठांना तसे कळवले जाते. अर्ज बाद करायचा की नाही, हा निर्णय यूकॅस घेत नाही. तो विद्यापीठाचा असतो. भावंडाने किंवा मित्राने 'फक्त बघायला' म्हणून घेतलेले निवेदन पुढे त्याच्या अर्जात दिसले, तर दोघांपैकी कोणाचे मूळ होते हे सिद्ध करणे अवघड जाते. या कारणाने निवेदन इतरांना न देण्याचा सल्ला दिला जातो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी लेखनसाधने २०२२च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आली. यूकॅसच्या भूमिकेनुसार मुद्दे सुचवून घेणे किंवा वाचनीयता तपासणे यांसाठी अशा साधनांचा वापर करता येतो. संपूर्ण निवेदन किंवा त्याचा मोठा भाग त्यांच्याकडून लिहून घेऊन स्वतःचा म्हणून सादर करणे, हे मात्र फसवणूक मानले जाऊ शकते. मजकूर स्वतःचा असल्याचे अर्जदाराने अर्जात घोषित करावयाचे असते. येथे एक व्यावहारिक बाबही आहे. अशा साधनांचा मजकूर गुळगुळीत आणि सर्वसाधारण असतो. वर दिलेल्या उदाहरणातील पहिल्या खर्ड्याशी त्याचे साम्य बरेच जवळचे आहे.

न्याय्यतेविषयीचा वाद

निवेदनामुळे विद्यार्थ्याला गुणांपलीकडे स्वतःविषयी सांगण्याची संधी मिळते, हा त्याच्या बाजूने केला जाणारा प्रमुख युक्तिवाद आहे. ती संधी सर्वांना सारख्याच प्रमाणात मिळते का, याविषयी ब्रिटनमध्ये दीर्घकाळ मतभेद आहेत.

मँचेस्टर विद्यापीठातील संशोधक स्टीव्हन जोन्स यांनी सटन ट्रस्ट या संस्थेसाठी केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ३०९ निवेदने तपासली. हे सर्व अर्जदार एकाच विभागाकडे अर्ज केलेले होते आणि पुढे त्यांना ए-लेव्हल परीक्षेत सारखीच श्रेणी मिळाली होती. म्हणजे शैक्षणिक कुवतीच्या दृष्टीने त्यांच्यात फरक करण्याजोगे फारसे काही नव्हते. तरीही खासगी शाळांतील अर्जदारांच्या निवेदनांत भाषेच्या चुका कमी होत्या. बँका, वकिलांची कार्यालये, मोठ्या कंपन्या अशा ठिकाणच्या कार्यानुभवाचे उल्लेख त्यांच्याकडे अधिक होते. सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना तसे अनुभव मिळवून देणाऱ्या ओळखी नव्हत्या. एका दिवसाची शाळेची सहल किंवा शनिवारची नोकरी यांवरच त्यांना भागवावे लागत होते. निवेदनातून विद्यार्थ्याची क्षमता दिसते की त्याला मिळालेली मदत, हा प्रश्न या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणला.

२०१६ मधील पुढील अभ्यासात त्याच मुद्द्याची दुसरी बाजू दिसली. चांगले निवेदन कशाला म्हणावे याबद्दल शाळेतील शिक्षक आणि विद्यापीठातील निवडकर्ते यांचे मत वारंवार वेगळे पडत होते. व्यक्तिमत्त्व आणि छंद यांचे रंगतदार वर्णन शिक्षकांना आवडे. निवडकर्त्यांना विषयाचे विश्लेषण हवे असे. चुकीच्या सल्ल्याची किंमत अर्थातच ज्यांना सल्ल्यासाठी शाळेखेरीज दुसरीकडे जाता येत नाही, त्यांनाच अधिक मोजावी लागते.

टॉम फ्रायर, स्टीव्ह वेस्टलेक आणि स्टीव्हन जोन्स यांनी २०२२ मध्ये निवेदनाऐवजी छोटे प्रश्न विचारावेत असा प्रस्ताव मांडला होता. दोन वर्षांनी जाहीर झालेली रचना त्या दिशेने जाणारी आहे. प्रश्न स्पष्ट झाल्याने काय अपेक्षित आहे, हे घरी विद्यापीठीन परंपरा नसलेल्या विद्यार्थ्यालाही कळते, असे तिचे समर्थक म्हणतात. टीकाकारांच्या मते प्रश्न बदलले तरी उत्तरांत सांगण्याजोगे अनुभव आणि ते तपासून देणारी माणसे यांचे वाटप बदललेले नाही. काही विद्यापीठे निवेदनाला अत्यल्प वजन देतात आणि गुण व प्रवेशचाचणी यांवरच भिस्त ठेवतात. पुष्कळदा अर्जदाराला हे आधी समजत नाही.

अमेरिकेतील प्रवेश-निबंध

अमेरिकेतील निबंधाचा उगम वेगळा आहे. १९२०च्या दशकात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत केवळ परीक्षेच्या बळावर प्रवेश मिळवणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढत होती. हार्वर्डचे अध्यक्ष ए. लॉरेन्स लोवेल यांनी तिला उघडपणे मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' हे निकष पुढे आणण्यात आले. छायाचित्रे, मुलाखती, शिफारसी आणि स्वतःविषयीचे लेखन यांना तेव्हापासून महत्त्व आले. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी २००५ मधील 'द चोझन' या ग्रंथात हा इतिहास तपशिलाने मांडला आहे.

आज शेकडो महाविद्यालये १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'कॉमन ॲप्लिकेशन' या सामाईक अर्जाचा वापर करतात. त्यातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकाचे उत्तर कमाल ३५० शब्दांत द्यावे लागते. ब्रिटिश निवेदन विषयकेंद्री असते, तर अमेरिकी निबंध व्यक्तिकेंद्री असतो. स्वयंपाकघरातील एखादा प्रसंग किंवा आजोबांशी झालेले भांडण हा तेथे संपूर्ण निबंधाचा विषय होऊ शकतो. तोच मजकूर ब्रिटनमध्ये पाठवल्यास विषयबाह्य ठरेल.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी प्रवेशात वंशाचा निकष वापरण्याची हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, याविषयी अर्जदाराने स्वतः केलेले लेखन विचारात घेण्यास मात्र निकालाने मज्जाव केला नाही. एका गटाला दूर ठेवण्यासाठी रुजलेला हा प्रकार, अशा रीतीने, शतकभरानंतर वगळल्या गेलेल्यांना स्वतःची परिस्थिती सांगण्याची उरलेली जागा ठरला.

महाराष्ट्रातील अर्जदार

महाराष्ट्रातील बारावीच्या विद्यार्थ्याला राज्यातील प्रवेशासाठी असे काही लिहावे लागत नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यक या शाखांचे प्रवेश एमएचटी-सीईटी, जेईई, नीट यांच्या गुणांवर आणि गुणवत्ता यादीवर ठरतात. स्वतःविषयी परक्या वाचकाला लिहिण्याचा प्रसंग त्यामुळे बहुतेकांवर परदेशी अर्ज करतानाच प्रथम येतो.

शालेय निबंधाच्या काही सवयी येथे आड येतात. आरंभी सुभाषित किंवा कवितेची ओळ, मधोमध भारदस्त विशेषणे आणि शेवटी संकल्प, ही परीक्षेत गुण मिळवून देणारी घडण निवेदनात जागा अडवते. दुसरी अडचण संकोचाची आहे. स्वतःचे काम स्वतः सांगणे म्हणजे आत्मप्रौढी, असा संस्कार असल्याने काही अर्जदार खरे श्रेयही शिक्षकांना किंवा आईवडिलांना देऊन मोकळे होतात. केलेल्या कामाचे विशेषणरहित वर्णन, हा त्यावरचा सोपा मार्ग आहे.

स्थानिक परीक्षांची नावे परदेशी वाचकाला अपरिचित असतात. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचा नुसता उल्लेख निरर्थक ठरतो; लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृतिसंशोधनाचा प्रकल्प करावा लागला, तो कशावर होता आणि त्यातून काय आढळले, एवढे लिहिले की त्याला अर्थ येतो. वास्तुकलेच्या अर्जदाराने राज्य शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांविषयी लिहिताना हीच काळजी घेणे इष्ट असते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांचा एसओपीशी संबंध अधिक येतो. येथे अर्ज थेट विद्यापीठाकडे होत असल्याने मजकूर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा लिहिता येतो आणि लिहावाही लागतो: त्या विभागातील कोणते संशोधन किंवा कोणता अभ्यासविषय आपल्याला हवा आहे, हे नेमके सांगणे अपेक्षित असते. शब्दमर्यादा विद्यापीठागणिक बदलते. मोठ्या शहरांतील अनेक सल्लागार कंपन्या शुल्क घेऊन एसओपी लिहून देतात. मूळ माहितीचा एक तक्ता भरून घेऊन साच्यात बसवलेला असा मजकूर निवडकर्त्यांच्या ओळखीचा झालेला आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांसारख्या योजनांचा लाभ घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण त्यांच्या घरातून परदेशी शिकायला जाणारे पहिलेच असतात. त्यांच्या बाबतीत अर्जाचा मजकूर तपासून देणारा विषयतज्ज्ञ घरी वा शेजारी नसतो आणि त्याच विद्यापीठात आधी गेलेल्या विद्यार्थ्यांकडून मिळणारे मार्गदर्शन हाच बहुधा एकमेव आधार असतो.